एकतीस घरांची बांगडी

मंगल, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. माइक माझ्यापर्यंत आला होता, मी तो शेजारच्या बाईंकडे सरकवला. कॉलेजच्या हॉलमध्ये तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि एकामागून एक माणसं उठून सांगत होती की तू किती शांत होतीस, किती समंजस होतीस, कुणाला कधी वाकडा शब्द बोलली नाहीस. मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेत येऊन बसले. माझ्याशी तू पंचवीस वर्षं भांडत आलीस. वरणात चिंच किती घालायची यावरून भांडलीस, माझ्या मुलीचं नाव ठेवण्यावरून भांडलीस, फळ्यावर मी अक्षर बारीक काढते यावरूनही भांडलीस. आणि शेवटचं भांडण तर आपण पुरं केलंच नाही.

ते भांडण कशावरून होतं हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्या घरी दाजींना माहीत असेल तर अर्धंमुर्धं. पूर्ण फक्त मला माहीत आहे, आणि माझा असा समज होता की तुलासुद्धा पूर्ण माहीत नाही. तो समज गेल्या आठवड्यात मोडला. त्याबद्दलच बोलायचं आहे.

नांदेडला एम.ई.ला आपण एका खोलीत आलो त्याला मैत्री वगैरे कारण नव्हतं. त्या वर्षी आपल्या शाखेला मुलीच दोन होत्या. मी लातूरच्या शाळामास्तरांची मुलगी, इस्त्रीचे ड्रेस, वह्यांना खाकी कव्हर. तू बिलोलीजवळच्या शेतातली, ट्रंकेत पुस्तकं कमी आणि भुईमुगाच्या शेंगा जास्त. पहिल्याच संध्याकाळी तू मला निरखून म्हणालीस, "का गं उषे, तू झोपतानाबी केस विंचरून झोपतीस का?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शेंगा खाल्ल्या.

आपल्या सरांनी आपल्याला प्रकल्पाचा विषय दिला तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. तेव्हा गावोगाव बिनतारी फोन नुकते येत होते. शंभर फोन एकाच वेळी, एकाच लहरीवर बोलतात आणि तरी ज्याचं त्याला ऐकू जातं, हे कसं? सरांनी फळाभर गणित लिहिलं, मी ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं, एवढंच. शनिवारी तू गावी निघालीस, मी तुला स्टँडवर सोडायला आले. चार-पाच गाड्या लागलेल्या, कंडक्टर दारात लटकून ओरडत होते, हिमायतनगर, देगलूर, बिलोली, लातूर, सगळे एकदम.

"डोळे मीट," तू म्हणालीस. "आता सांग, काय ऐकू येऊन राहिलं?"

"लातूर," मी म्हणाले.

"मला बिलोली. आवाज तर समद्यांचाच येऊन राहिला ना? पर कान आपलंच गाव उचलतो, बाकीचं खाली टाकतो. तेच हाय ते. सरांनी उगं फळा खराब केला."

पुढं मी पंचवीस वर्षं हा विषय शिकवला, दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना हेच सांगितलं, आणि एकदाही तुझं नाव घेतलं नाही. स्टँड मात्र लातूरचा केला होता.

फोनला गावाचं नाव नसतं, म्हणून प्रत्येकाला एक पट्टी द्यायची. आपल्या पट्टीत एकतीस घरं होती, काही काळी, काही पांढरी, ठरावीक क्रमाने. एक साधं 'हो' पाठवायचं तर आख्खी पट्टी पाठवायची. 'नाही' पाठवायचं तर तीच पट्टी उलट्या रंगांत, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. ज्याच्याकडे ती पट्टी आहे त्याला तेवढंच ऐकू येतं, बाकीच्यांचा नुसता गलका. सगळं कौशल्य पट्ट्या निवडण्यात. एक पट्टी दुसरीसारखी दिसता कामा नये, आणि दुसरी कितीही मागेपुढे सरकवली तरी दिसता कामा नये, कारण एक फोन टॉवरजवळ असतो, दुसरा लांब शेतात, आणि लांबच्याचा आवाज जरा उशिरा पोचतो. दोन पट्ट्या शेजारी ठेवायच्या, जुळलेल्या घरांतून न जुळलेली वजा करायची. नऊच्या वर गेलं की ती जोडी बाद. असा नऊच्या आत राहणारा पट्ट्यांचा संच शोधायचा, हे आपलं काम.

कॉम्प्युटर लॅबमध्ये आपल्या वाट्याला आठवड्यातले दोन तास यायचे, आणि त्यातला एक भारनियमनात जायचा. मग मी आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या कापून टेबलावर सरकवायला लागले. सरकवलं की एक टोक बाहेर लोंबायचं आणि मोजताना चुकायचं. तू दोन दिवस बघत राहिलीस आणि तिसऱ्या दिवशी गावाहून येताना पिशवीत पाईपचे तुकडे घेऊन आलीस. तुझ्या वडलांनी विहिरीवरून पाईपलाईन टाकली होती, त्यातला उरलेला पाईप. करवतीने बोट-बोट रुंदीची कडी कापलेली. त्यावर पट्टी गोल चिकटवायची. मधे थोडा बारीक पाईप मनगटासारखा उभा, त्यावर दोन कडी एकावर एक, आणि वरची एकेक घर फिरवायची. टोकच नाही, तर लोंबणार काय?

हॉस्टेलच्या मुली त्यांना 'मंगलच्या बांगड्या' म्हणायला लागल्या. रोज सकाळी मेसचा चहा झाला की आपण बसायचो. तू फिरवायचीस, मी मोजायचे. "वीस आणि अकरा." "नऊ. चालती." "एकवीस, दहा." "अकरा. फेक." महिनोन्‌महिने आपण हे केलं, आणि मी आजवर केलेल्या कामात तेवढं सुखाचं दुसरं काही नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही. तू हसली असतीस म्हणून नाही. तसं सांगायची आपल्यात पद्धतच नव्हती.

आता ते दुसरं, जे सांगायचं राहिलं.

आपला लेख परीक्षकांकडून परत आला तेव्हा तू भावाच्या लग्नासाठी बिलोलीला होतीस. लेख चांगला आहे, छापू, एवढ्या दोन शंकांची उत्तरं चार दिवसांत द्या, असं पत्र. पहिली शंका किरकोळ. दुसरी एका ओळीची. 'हो'च्या मागोमाग 'नाही' आलं तर काय होतं, ते तपासलं आहे का?

मी ती ओळ वाचली आणि मला लगेच कळलं की आपण ते तपासलेलं नाही. उशिरा पोचणाऱ्या फोनची एक पट्टी संपून दुसरी सुरू होते तो जोड माझ्या पट्टीच्या मधेच कुठंतरी येतो. दोन्ही वेळा 'हो' असेल तर काही बिघडत नाही, बांगडी फिरते तसंच होतं. पण 'हो'नंतर 'नाही' असेल तर जोडापासून पुढचे रंग उलटतात. आणि बांगडीला जोडच नाही. आपण जिच्यामुळे खूश होतो त्या सोयीनेच ती गोष्ट झाकून टाकली होती. सगळ्या जोड्या पुन्हा तपासायच्या, प्रत्येक बांगडी प्रत्येक जागी कापल्यासारखी धरून, म्हणजे महिनाभराचं काम. माझ्याकडे चार दिवस होते.

मी लिहिलं, 'तपासले आहे. मर्यादा तीच राहते.'

मनाशी ठरवलं होतं की नंतर तपासू. बहुतेक बरोबरच निघेल. लग्नाचे लाडू घेऊन तू परत आलीस, पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलंस, "ते 'हो-न्हाई'चं बगितलंस का?"

"हाव," मी म्हणाले. तुझ्याच बोलीत, तुला चिडवल्यासारखं. तू हसलीस. ते खोटं मी मस्करीत गुंडाळून दिलं, आणि ते 'हाव' माझ्या कानात इतकी वर्षं आहे.

नंतर वेळ कुठं मिळतो. मी लातूरला नोकरीला लागले, त्याच लेखावर पुढं पीएचडी उभी केली. तू नांदेडलाच शिकवत राहिलीस आणि पीएचडीला नावसुद्धा नोंदवलं नाहीस. मी किती वेळा मागे लागले. "मला पोरांला शिकवायलाच आवडतं. तू व्हय डॉक्टर, घरात एक बास हाय," असं म्हणून तू विषय संपवायचीस. माझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक म्हणणार होते की हे हाताने कसं तपासलं ते दाखवा, हे तुला कुठून कळलं देव जाणे. तू पहाटेची एस.टी. धरून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत त्यातल्या दोन बांगड्या घेऊन आलीस आणि शेवटच्या रांगेत बसलीस. परीक्षकांनी खरंच विचारलं. तू उठून बांगड्या माझ्या हातात दिल्यास आणि परत जाऊन बसलीस. परीक्षक लहान मुलासारखे त्या फिरवत बसले. त्या दिवशी मी डॉक्टर झाले ते निम्मं तुझ्यामुळे. बांगड्या मी ठेवून घेतल्या. पुढं विभागप्रमुख झाले तेव्हा काचेच्या कपाटात लावल्या. येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचे, आमच्या गरिबीतलं संशोधन म्हणून. तू एकदाही परत मागितल्या नाहीस.

आणि गेल्या वर्षी सविता तुझ्याकडे आली. तुझी जुनी विद्यार्थिनी, हिमायतनगरला स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवते, दोन लेकरांची आई. तिने शेतात पुरायच्या डब्या केल्या होत्या. जमिनीत ओल किती आहे ते डबी बिनतारी कळवते, आणि पाणी कधी द्यायचं ते शेतकऱ्याला मोबाईलवर दिसतं. वीस-बावीस डब्या एकाच लहरीवर बोलणार, म्हणून तिने प्रत्येकीला एकेक पट्टी दिली. पट्ट्या कुठल्या? आपल्या लेखातल्या. बाईंनी केलेल्या आहेत म्हणून डोळे झाकून घेतल्या. आणि अधूनमधून एका वावराची ओल दुसऱ्याच्या मोबाईलवर दिसायला लागली. भर उन्हाळ्यात कुणाचा तरी ऊस वाळला, कुणाच्या हळदीत पाणी साचलं, लोक तिच्या दारात येऊन बोलून गेले. चार महिने ती रोज डबी उघडून आतल्या तारांना सोल्डरचा डाग देत बसली होती. चूक आपल्या हातातच आहे अशी तिची खात्री.

तुला बघताक्षणी शंका आली. तू कागदाची बांगडी केलीस, कापलीस आणि मोजलीस. मग मला नांदेडला बोलावून घेतलंस. फोनवर नाही सांगितलंस, हे तुझं बरोबर होतं. आपण विष्णुपुरीला धरणाच्या बाजूला जाऊन बसलो, तू डब्यातून ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणला होतास. भाकरी संपली तेव्हा तू विषय काढलास.

"उषे, आपल्या दोन जोड्या सतरावर चाललेल्या हायत."

मी भाकरीचे सांडलेले तुकडे गोळा करायला लागले.

"जोडापाशी. 'हो-न्हाई' आलं की. बांगडीत दिसतच न्हाई ते. बांगडीची आयडिया माझी व्हती, चूक माझीबी हाय. आपण दोघी मिळून मासिकाला पत्र लिहू. दोन पट्ट्या काढून टाकल्या की बाकीचा संच बरोबर ऱ्हातो, ते बी मी बगितलंय."

मी किती कारणं सांगितली, आठवतं? ते फोन आता बंद पडले. नवीन तंत्र वेगळं आहे. तो लेख आता वाचतंय कोण. परीक्षकांनी पास केलेला आहे. सविताला खासगीत सांगू की त्या दोन पट्ट्या वापरू नको, झालं. तू शांतपणे ऐकत होतीस, आणि तू शांत असलीस की मला जास्त राग येतो. खरं कारण मी सांगितलं नाही. प्राचार्यपदासाठी माझं नाव पुढं गेलं होतं, आणि दुरुस्तीपत्र आलं की कुणीतरी जुनी फाईल उघडणार आणि माझ्या सहीचं 'तपासले आहे' बाहेर येणार.

"कुणी वाचत न्हाई म्हणून चूक बरोबर व्हती का?" तू म्हणालीस. "सविता वाचलीच की."

मी म्हणाले, तुझं काय जातंय, तुझी ना पीएचडी ना पद. हे वाक्य मी बोलले. मी ते इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण तू ते कुणाला सांगितलं नसणार.

तू डबा बंद केलास, पदराला हात पुसलेस. "त्यातल्याच एका जोडीच्या बांगड्या तुझ्याकडं हायत. एक काप, सोताच्या हातानं मोज. मग बोल." एवढं म्हणून तू उठलीस.

त्यानंतर आठ महिने आपण बोललो नाही. तुझे तीन मेसेज आले. दिवाळीला, संक्रांतीला आणि माझ्या वाढदिवशी. तिन्ही वेळा शुभेच्छा नाहीत, नुसतं "कापली का?" मी तिन्ही वेळा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. तिसऱ्या वेळी तर मी चिडून मुलीला म्हणाले, मंगल मावशीला दुसरं काही सुचत नाही. मुलगी म्हणाली, "तिला काय हवंय ते देऊन टाक ना." तिला काहीही माहीत नव्हतं.

मग एका सकाळी आपल्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर तुझी बातमी आली. तास घ्यायला निघालीस, चप्पल घालायला वाकलीस आणि बसलीस ती उठलीच नाहीस. मी दोनदा वाचलं. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, कारण तुझ्यापाशी आता काय लपवायचं? क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी विचारणार नाही. आणि मग त्या वाटण्याची मला इतकी किळस आली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. लातूरला नळाला पाणी नसतं म्हणून तू कायम चिडवायचीस. त्या दिवशी होतं.

तेराव्यानंतर दाजींचा फोन आला. "ताई, तुमच्या नावाचं एक पाकीट हाय तिच्या कपाटात. येऊन जावा." मी गेले. दाजी पार खचले आहेत, पण चहा त्यांनीच केला. साखर विसरले, मी तसाच प्यायले. म्हणाले, "तुमच्यात कायतरी झालं व्हतं का? ती सांगायची न्हाई. मी म्हणलं, जा लातूरला, भेटून ये. तर म्हणायची, तिचं काम व्हायचंय अजून, झालं की तीच येती."

पाकिटात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे मासिकाला लिहायच्या पत्राचा मसुदा, टाइप केलेला. कुठल्या दोन पट्ट्या वगळायच्या, का, आणि उरलेल्या कशा तपासल्या, सगळं नीट. खाली आपली दोघींची नावं. मधे एक ओळ अशी होती: 'ही तपासणी मूळ लेखाच्या वेळी होऊ शकली नाही, कारण'. आणि त्यापुढं रिकामी जागा, चांगली दोन ओळींची. शेजारी पेन्सिलने तुझं अक्षर: 'हे उषा लिहील.'

म्हणजे तुला माहीत होतं. केव्हापासून, मंगल? धरणावर बसलो तेव्हा की त्याआधीपासून? की मी "हाव" म्हणाले त्याच दिवशी, लाडवांची पिशवी हातात असताना? माझी सगळी हुशारी तुझ्यापुढं कधी चाललीच नाही, तर तेव्हाच कशी चालली असेल? तू ती जागा स्वतः भरू शकली असतीस. काहीही लिहून, वेळ नव्हता, साधनं नव्हती, बांगडीची कल्पना माझी होती. कुणी विचारलं नसतं. तू ती माझ्यासाठी सोडलीस, आणि पत्र माझ्याशिवाय पाठवलं नाहीस. आठ महिने थांबलीस. सविता तिकडं वाट बघत असताना थांबलीस. याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, हेही सांगून ठेवते. तू पाठवून द्यायला पाहिजे होतंस.

दुसरी गोष्ट एक छोटी कागदी पट्टी होती. अकरा घरांची. रंग उलटे केलेले, घरं बांगडीच्याच मापाची, मागे दुहेरी चिकटपट्टी लावून ठेवलेली. सोबत चिठ्ठी, कुठल्या घरापासून कापायचं, कुठं चिकटवायचं. मी चिडेन आणि मोजमाप करायला बसणार नाही, हे धरून तू माझं अर्धं काम करून ठेवलं होतंस.

परवा दुपारी मी कपाटाची काच सरकवली, बांगड्या काढल्या आणि वर्कशॉपला गेले. तिथले जुने कारागीर आहेत, गायकवाडमामा. करवत मागितली तर म्हणाले, "मॅडम, बांगडी कापली म्हणत न्हाईत, वाढवली म्हणावं." मी म्हणाले, मामा, ही कापायचीच आहे. त्यांनी शिकंज्यात धरून दिली, कापली मी. पाईप इतक्या वर्षांत कडक झालेला, करवत दोनदा सटकली, अंगठ्याला लागलं. मग टेबलाशी बसून तुझी अकरा घरं चिकटवली आणि दुसरी बांगडी तिच्याशेजारी ठेवून मोजायला लागले. तू फिरवायचीस, मी मोजायचे. या वेळी दोन्ही मीच. पहिल्यांदा मोजताना चुकले. दुसऱ्यांदा चोवीस आणि सात. तिसऱ्यांदा मामांना मोजायला लावलं. त्यांनी बोट ठेवून ठेवून मोजलं, चोवीस आणि सात.

केबिनमध्ये येऊन मी आधी सविताला फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या 'तपासले आहे'सकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझं डाग देणं चुकत नव्हतं?" मी म्हणाले, नव्हतं. "मंगल बाईबी तेच म्हणायच्या. मला वाटायचं, बरं वाटावं म्हणून म्हणून राहिल्यात." मी तिला वगळायच्या दोन्ही पट्ट्यांचे क्रमांक सांगितले. दोन पट्ट्या काढून टाकल्यावर डब्या कशा चालतात ते ती कळवणार आहे.

मग तुझी रिकामी जागा भरली. तू दोन ओळी सोडल्या होत्यास, मला दोन्ही लागल्या. 'कारण पहिल्या लेखिकेने ती न करताच केल्याचे कळवले होते. दुसऱ्या लेखिकेला तसेच सांगण्यात आले होते.' तुला 'सांगण्यात आले होते' आवडणार नाही. कुणी सांगितलं ते सांग, म्हणशील. म्हणून बदललं: 'दुसऱ्या लेखिकेलाही तिने तसेच सांगितले होते.' मासिकाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक लेखकाची संमती मागतात. तुझ्या नावापुढं खूण करायला एक वेगळा चौकोन होता, लेखक हयात नसल्यास. तो मी भरला आणि पत्र पाठवलं. त्याची एक प्रत आमच्या संस्थेच्या कार्यालयातही दिली, प्राचार्यपदाच्या अर्जाला जोडा म्हणून. पुढं काय होईल ते होईल. भीती वाटते, नाही असं नाही. पण अनेक वर्षांनी परवा संध्याकाळी मी घरी जाऊन चिंच घालून वरण केलं आणि दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या, न कापलेल्या बांगडीवर तुझा हक्क आहे, ती दाजींकडे देऊन येईन. कापलेली माझ्याकडे ठेवते. काचेच्या कपाटात नाही, टेबलावर. पाहुण्यांनी विचारलं तर कुणाची कल्पना आणि कुणाची चूक, दोन्ही नावं सांगेन. स्टँडही नांदेडचा करेन.

तुझ्या तीन मेसेजचं उत्तर द्यायचं राहिलंय. तुझ्या फोनवर पाठवलं तर तो दाजींकडे आहे, त्यांना बिचाऱ्यांना काही कळायचं नाही. म्हणून इथं देते.

कापली, मंगल. सतराच आले.